करंगळीभर हवा

माझ्या एका अंगावर वर्तमानपत्राचे अख्खे पान आहे. त्यावर मेंढरांचे बाजारभाव आहेत, टिमारू बंदरातल्या भरती-ओहोटीच्या वेळा आहेत, चर्चच्या केकविक्रीची सूचना आहे आणि हरवलेल्या एका कुत्रीची जाहिरात आहे. दुसरे अंग कोरे आणि चकचकीत आहे. निदान होते. मित्रांनो, मी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे, आणि माझे बहुतेक आयुष्य एका घरबसच्या पोटाखाली, रस्त्याकडे चकचकीत तोंड करून गेले. तुम्ही कधी वाकून बसच्या खाली पाहिले नसेल. सहसा कोणी पाहत नाही. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म छापखान्यात झाला. वर्तमानपत्र छापायला रोज नवे पत्रे लागत. एका पत्र्यावर एक पान उमटवायचे, पत्रा यंत्राच्या रुळावर गुंडाळायचा, शाई घ्यायची, कागदाला द्यायची. दुसऱ्या दिवशी त्या पानाचे काम संपलेले असे. मग आम्हाला भिंतीला टेकवून ठेवत आणि शेतकरी येऊन घेऊन जात. कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावी, कोणी उंदीर येऊ नयेत म्हणून धान्याच्या कोठीला. माझ्याबरोबरचे कितीतरी पत्रे आजही कोंबड्यांच्या मागे उभे असतील. मला तिकडे जायचे नव्हते, असे काही नाही. मला कुठेच जायचे नव्हते. पत्र्याला तशी इच्छा नसते.

मला नोएलीनने उचलले. ती त्याच छापखान्यात पाने जुळवायचे काम करीत असे. नोकरी सोडली त्या दिवशी ती आम्हा पाचसहा जणांना काखेत मारून घरी आली.

तिचा नवरा डेस दारातच उभा होता. "हे काय? घड्याळ देणार होते ना तुला?"

"घड्याळ नको म्हटलं. पत्रे द्या म्हटलं."

"पत्रे! अगं, लोक ऐकतील तर हसतील."

"हसू देत. आपल्याला आता घड्याळ लागणार आहे कुठे?"

ते खरे होते. डेसने शाळेची एक मोडीत निघालेली बस घेतली होती आणि तिचे घर केले होते. मागे पलंग, मध्ये छोटी चूल, आणि दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या खाली पुस्तकांच्या फळ्या. ते गावोगाव, जत्रांमधून जुनी पुस्तके विकणार होते. बसच्या कपाळावर डेसने हिरव्या रंगात एक गोगलगाय काढली. तिची शिंगे वाकडी आली. ती शेवटपर्यंत वाकडीच राहिली, आणि बसचे नावही गोगलगायच पडले.

डेस गाडी हाकी. नोएलीन त्याच्या शेजारच्या खुर्चीत पाय खाली सोडून बसे आणि इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून त्याला पुस्तक वाचून दाखवी. त्यांची मुलगी ब्रॉन्विन तेव्हा लहान होती. ती मागच्या पलंगावर पालथी पडून तेच पुस्तक ऐके, आणि आई एखादा परिच्छेद गाळून पुढे गेली तर तिथूनच ओरडे, "तू काहीतरी गाळलंस!"

पण गोगलगायीत एक खोट होती. इंजिन पुढे होते. धुराचा पाइप तिथून निघून लाकडी तळाखालून मागे जाई. आधी नोएलीनच्या पायांखालून, मग पुस्तकांच्या खालच्या फळीखालून. चढ लागला की पाइप तापे, पाइपाच्या आचेने तळ तापे, आणि तळातून ती आच घरात शिरे. डब्यातले लोणी पातळ होई. ब्रॉन्विन एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत खिडकीशी जाई. पुस्तकांच्या पाठीचा गोंद विरघळे.

एका जत्रेत एका म्हाताऱ्या मेंढपाळाने खुनाची कादंबरी उघडली तर शेवटची सगळी पाने एकदम त्याच्या बुटांवर पडली. त्याने ती उचलली, वरचेच पान वाचले आणि नोएलीनच्या हातात दिले. "बाई, खुनी कोण ते कळलं मला. आता निम्म्या किमतीत द्या."

त्या संध्याकाळी नोएलीन म्हणाली, "डेस, ही उष्णता थांबवायला हवी."

"थांबवायची कशाला? वापरायची. इंजिन निम्मं पेट्रोल नुसतं गरम होण्यात घालवतं. ती ऊब फुकट आहे."

हे डेसचे आवडते वाक्य होते. घरबसमध्ये राहणाऱ्या त्या लोकांत ऊब वाया घालवणे हे अन्न टाकण्याइतके वाईट समजत. मेंढराची तंगडी मीठ आणि लसूण लावून चंदेरी कागदात घट्ट गुंडाळायची, सोबत रताळी, आणि ते गाठोडे इंजिनाच्या तापलेल्या भागावर तारेने बांधून निघायचे. मुक्कामाला पोहोचेपर्यंत जेवण तयार. डेसला कुठले गाव किती दूर आहे हे विचारले तर तो मैल सांगत नसे. "दोन बटाटे लांब आहे," म्हणे, किंवा "तंगडी शिजेल, पण हाडापाशी कच्ची राहील."

"जेवण इंजिनावर कर," नोएलीन म्हणाली, "माझ्या पायांवर नको."

दुसऱ्या दिवशी तिने मला आणि माझ्या एका भावाला बाहेर काढले. पत्रा कापायच्या कात्रीने आमचे कोपरे गोल केले. आम्ही पातळ होतो, म्हणून आम्हा दोघांना एकावर एक ठेवून कडा दुमडून जोडले. माझे छापील अंग आणि त्याचे चकचकीत अंग बाहेर राहिले, आणि तेव्हापासून आम्ही एकच आहोत. मग ती गवतावर पाठ टेकून बसखाली सरकली आणि तिने मला लाकडी तळाला सपाट ठोकून टाकले.

त्याचा काही उपयोग झाला नाही. पहिल्याच चढावर मी तापलो आणि तळाला चिकटलेला असल्यामुळे सगळी आच सरळ त्याच्या हवाली केली. मी काही चुकीचे केले असे मला वाटले नाही. मी पत्र्यासारखा वागलो.

नोएलीनने मला पुन्हा काढले. बराच वेळ मांडीवर धरून बसली. मग तिने तांब्याच्या जुन्या नळीचे छोटे छोटे तुकडे केले. प्रत्येक बोल्ट अशा तुकड्यातून घातला, की मी आणि तळ यांच्यामध्ये जागा राहावी. किती जागा? तिने आपली करंगळी आत घालून पाहिली. करंगळी सहज फिरली, तेव्हा बोल्ट घट्ट केला. पुढची आणि मागची बाजू उघडी ठेवली, म्हणजे बस चालली की वारा त्या फटीतून वाहत जाईल.

ब्रॉन्विन शेजारी पोटावर पडून वायसर हातात देत होती. "आई, हे छापलेलं पान खाली कर ना. रस्त्याला वाचता येईल."

"रस्त्याला वाचायची सवय नाही. त्याला चमक दाखवायची. चमक खाली असली की आच आल्या पावली परत जाते."

"आणि जी परत जात नाही ती?"

"ती या फटीतल्या हवेत जाते. मग हवा तिला घेऊन मागे निघून जाते. पत्रा काही विशेष करत नाही गं. करते ती मधली हवा. पत्र्याने फक्त अंतर राखायचं."

ब्रॉन्विनने माझ्यावरची जाहिरात वाचली. काळी कुत्री, नाव फ्लॉस, एक कान पांढरा. "ही सापडली का?"

"ते दुसऱ्या दिवशीच्या पानावर असेल. तो पत्रा कोंबड्यांकडे गेला."

त्यानंतरचा पहिला मोठा चढ मला आठवतो. पाइप तापून माझ्या खाली वीतभर अंतरावर लालसर झाला होता. वर नोएलीनने मोजे काढले आणि दोन्ही तळवे लाकडावर दाबून ठेवले.

"कसं आहे?" डेसने विचारले.

"गार."

"गार म्हणजे गार, की मला बरं वाटावं म्हणून गार?"

"गार, डेस. चर्चच्या बाकासारखं गार."

तो मोठ्याने हसला. मित्रांनो, माझे कौतुक झाले ते एवढेच. मला ते पुरले, असे म्हणतो, कारण अशा वेळी तसे म्हणायची पद्धत आहे.

मग कामाची वर्षे सुरू झाली. त्यात सांगण्यासारखे फार नाही. खालून आग, वरून गारवा, मध्ये मी. समुद्रकाठचे रस्ते, कच्चे रस्ते, नद्यांच्या पात्रातले गोटे. एकदा कोणाच्या तरी सल्ल्याने डेसने पाइपालाच काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळली. उष्णता खरोखर कमी झाली, पण समुद्राचे खारे पाणी त्या पट्टीत मुरत राहिले आणि पाइप आतून गंजून एका पावसाळी दुपारी रस्त्यात पडला. ट्रेव्ह नावाचा त्यांचा एक मित्र मागून आपली घरबस घेऊन येत होता. त्याने तो उचलून आणला आणि म्हणाला, "डेस, तुझी गोगलगाय शेपूट टाकून चाललीय. ती पाल झाली की काय?"

पट्टी गेली. मी राहिलो.

दर वसंतात नोएलीन बसखाली येई. माझ्या फटीत अडकलेला चिखल आणि गवत काढी, चुलीतली राख ओल्या फडक्यावर घेऊन माझे चकचकीत अंग घाशी, सगळे बोल्ट पान्याने तपासी आणि शेवटी करंगळी फटीत घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवी. हे ती कोणाला सांगत नसे. डेसला वाटे, ती खाली जाऊन थोडी झोप काढते.

ब्रॉन्विन मोठी झाली आणि क्राइस्टचर्चला शिकवायला गेली. फळ्यांवरची पुस्तके बदलत राहिली. नोएलीन जाड चष्मा लावून वाचू लागली. मग एका वसंतात ती आली नाही. गुडघे वाकत नव्हते. पुढच्या वसंतातही आली नाही. माझ्या फटीत चिखल साचला, सुकला, पुन्हा साचला. तिच्या रक्तातली साखर वाढली होती. हे मला वरच्या बोलण्यातून कळले.

एका गावात परिचारिका बसमध्ये येऊन तिला तपासून गेली. मी खालून सगळे ऐकले.

"डोळे मीट, नोएलीन. टोचलं की सांग."

बराच वेळ गेला.

"टोच ना मग," नोएलीन म्हणाली.

"केव्हाच टोचलं. सहा वेळा."

परिचारिका सावकाश म्हणाली, "हे नीट ऐका दोघंही. हे पाय आता तिला काही सांगणार नाहीत. खडा टोचला, बूट चावला, भाजलं, काहीच कळणार नाही. आणि या आजारात जखम भरत नाही. एवढ्याशा जखमेने पाय जातो. रोज डोळ्यांनी तळवे बघायचे. गरम पाण्याची पिशवी नाही. शेकोटीजवळ पाय न्यायचे नाहीत."

"चला, बरं झालं," नोएलीन म्हणाली. "डेसने माझ्या पायावर पाय दिला तर निदान भांडण व्हायचं नाही."

डेस हसला नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसे, तिचे तळवे हातात घेऊन उजेडात बघे आणि मगच चहा ठेवी. कोणी वेळेआधी दार वाजवले तर आतून ओरडे, "थांबा! पाय बघतोय!" हे पाय वाचले तर गोगलगायीत राहता येणार होते, पाय गेले तर नाही. त्या दोघांना दुसरे काहीच हवे नव्हते.

मित्रांनो, त्या आजाराची एक विचित्र खोड आहे. पायांना आग कळत नव्हती, पण थंडी मात्र वाजत होती. जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, नदीकाठी मुक्काम असला, गवतावर पांढरे दव गोठलेले असले, की नोएलीन तीन मोजे घालूनही कुडकुडे.

"बर्फाच्या बादलीत उभी आहे असं वाटतंय," ती म्हणे. "सुई कळत नाही आणि गारठा बरोबर कळतो. असा कसा हा आजार? अर्धवट शिकलेला."

डेसला ते ऐकवत नसे. पिशवी नको, शेकोटी नको, हे त्याच्या लक्षात होते. तो बसून विचार करी. मग एके दिवशी त्याला त्याचे जुने वाक्य आठवले. ऊब तर रोज तिच्या पायांखालून फुकट वाहून जात होती.

तो बसखाली आला. गंजलेले बोल्ट तेल सोडून सोडून काढले आणि मला बसच्या बाजूच्या पेटीत, बटाट्यांच्या पोत्याशेजारी, उभे केले. ज्या जागी मी होतो तिथे, वरच्या बाजूने, बसच्या आत, त्याने मेंढीचे लोकरीसकट कातडे अंथरले. मऊ, जाड, पांढरे. मग सपाट रस्त्यावर गाडी थोडी फिरवली, थांबवली आणि कातड्याखाली लाकडावर हात ठेवून पाहिला.

"कोमट आहे," तो म्हणाला. "अंड्यावर कोंबडी बसते तेवढं. घाल पाय."

नोएलीनने पाय लोकरीत खुपसले. "डेस, तू आधी का नाही सुचवलंस?"

त्याने शेकोटी केली नव्हती. पिशवी दिली नव्हती. त्याने फक्त मला काढले होते.

त्या आठवड्यात ते लुईस खिंड ओलांडून पश्चिम किनाऱ्याला निघाले. ब्रॉन्विनला सुट्टी होती, तीही बरोबर होती. इंजिनावर तंगडी बांधली होती. पेटीत बटाटे धक्क्यांनी माझ्यावर आपटत होते. मैदानात सगळे ठीक होते. मग चढ लागला. रस्त्यावर पातळ बर्फ होते, म्हणून डेसने खालचा गिअर टाकला. इंजिन पुरा जोर लावत होते आणि बस मात्र माणूस चालेल तेवढ्या वेगाने सरकत होती. अशा वेळी पाइप सर्वांत जास्त तापतो आणि खालून वारा सर्वांत कमी वाहतो. हे मला माहीत होते. ते माहीत असूनही मी बटाट्यांशेजारी होतो.

नोएलीन वाचत होती. वाचता वाचता थांबली.

"डेस, तुझं जेवण करपतंय."

"करपत नाहीये. खरपूस होतंय."

"लग्नाआधीपासून हेच ऐकतेय मी. ब्रॉन, तुला येतोय ना वास?"

"येतोय," मागून ब्रॉन्विन म्हणाली. "केस जळल्यासारखा. बाबा, तंगडी सोलून घेतली होती ना? की मेंढरू तसंच बांधलंय?"

तिघेही हसले. डेस सर्वांत जास्त हसला. "हसा, हसा. जेवताना कोण दुसऱ्यांदा मागतं ते बघतो."

"पाय मात्र आज बरे आहेत," नोएलीन म्हणाली. "म्हणजे काहीच वाटत नाहीये. पण बरं वाटतंय."

आणि ती पुढे वाचू लागली. चढ अजून बराच बाकी होता.

खिंडीच्या माथ्यावर मोकळी जागा आहे. तिथे डेसने गाडी थांबवली, इंजिनाचे झाकण उघडले, गाठोडे सोडले आणि तिथेच उभा राहून कागद उलगडला. मग ताटात घेऊन आत आला. त्याचा आवाज विजयी होता. "हे बघा! कुठे करपलंय? बघा की! सोन्यासारखं झालंय!"

"मग वास कसला?" नोएलीन म्हणाली.

ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कातडे लाकडापासून सुटल्याचा. ते खालून चिकटले होते.

"अगं आई," ब्रॉन्विन म्हणाली. "अगं आई, हलू नकोस."

"का? काय झालंय?" नोएलीन म्हणाली. "मला काही होत नाहीये. डेस, असा काय बघतोस? अरे, मला खरंच काही होत नाहीये."

पुढचे थोडक्यात सांगतो. ग्रेमाउथच्या दवाखान्यात त्यांनी जे करता येईल ते केले. भाजलेली टाच भरली नाही. हिवाळा संपता संपता तो पाय गुडघ्याखाली काढला. डेस दवाखान्याच्या आवारात बस उभी करून तिच्यात राहत होता. एकदा ब्रॉन्विनने बसच्या खिडकीशी उभे राहून आईचे बोलणे सांगितले. आईने डेसला विचारले होते, "त्या तंगडीचं काय केलंस?"

"फेकली," डेस म्हणाला होता.

"फेकली? अख्खी? वाया घालवलीस?"

तेव्हा तो रडला, असे ब्रॉन्विनने सांगितले. कोणाला सांगितले ते मला कळले नाही. बसमध्ये ती एकटीच होती.

मग त्यांनी टिमारूजवळ एक छोटे घर भाड्याने घेतले. गोगलगाय मागच्या कुंपणाला, उंच काळ्या झाडांच्या सावलीत लावली. मी पेटीत राहिलो. बटाट्यांना कोंब आले, कोंब सुकले. डेसने मला परत बसवले नाही. त्याने ती पेटीच पुन्हा उघडली नाही.

नोएलीन कधीतरी चाकांच्या खुर्चीतून बसपर्यंत येई आणि दाराशी बसून राही. एकदा ती म्हणाली, "एक बरं आहे, आता मोजे निम्मेच धुवायचे." मग ती म्हणाली, "हस रे. विनोद करायचे कष्ट मी घेतलेत, तुला नुसतं हसायचंय."

"मी हात ठेवून बघितला होता, नोएलीन," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"कोमट होतं."

"माहितीये, डेस. सपाट रस्त्यावर होतास तू." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मीही होते की तिथे. तो पत्रा मीच केलेला. मलाही ते पाय खुपसताना बरं वाटलं. तू एकट्याने सगळं घेऊ नकोस. थोडं मला ठेव."

एका सप्टेंबरात नोएलीन गेली. पायामुळे नव्हे, हृदयामुळे. पण ते वेगळे काढता येत नाही, असे ब्रॉन्विन फोनवर कोणाला तरी म्हणाली. त्या दिवसांत माणसे आली, केक आले, रिकामे डबे परत गेले. मला काही वाटले का, असे तुम्ही विचाराल. मी चकचकीत असतो तर आच परत पाठवली असती. आता माझ्यावर गंज नव्हता पण पांढुरका थर चढला होता, आणि आच येत नव्हती. एवढेच सांगता येईल.

पुढल्या उन्हाळ्यात ब्रॉन्विनने पेटी उघडली. ती बस विकण्यासाठी साफ करायला आली होती. तिने मला बाहेर काढून गवतावर ठेवले, पुसले आणि बाजारभाव वाचले, भरतीच्या वेळा वाचल्या. ती फ्लॉस कुत्रीच्या जाहिरातीपर्यंत आली आणि थांबली. मग घरात गेली. मग डेसला घेऊन आली. तो आता वाकून चालत असे.

"बाबा, मी ही विकत नाहीये. मी चालवणार आहे. आणि तू बरोबर येणार आहेस."

"मी नाही बसणार त्यात."

"बस नकोस आत्ता. आधी मला पाना दे."

ती पाठीवर पडून बसखाली सरकली. तिने तळावरचा जळका डाग पाहिला. लाकूड तळव्याएवढे काळे झाले होते. तिने त्यावर हात ठेवला, काढला, आणि कामाला लागली. जुन्या नळीचे तुकडे हरवले होते. तिने नवे कापले. राखेऐवजी दुकानातली पावडर आणली आणि मला घासले. मी पूर्वीसारखा चमकलो नाही, पण पुरेसा चमकलो. डेस बाहेर गवतावर बसून एकेक वायसर तिच्या हातात देत होता.

"जागा किती ठेवायची, बाबा?"

"नोएलीनची करंगळी," तो म्हणाला.

ब्रॉन्विनने आपली करंगळी फटीत घातली. ती अडकली. ब्रॉन्विनचे हात डेसवर गेले होते, जाड आणि आखूड. नोएलीनची बोटे लांब, बारीक होती. ब्रॉन्विन थोडा वेळ तशीच पडून राहिली. करंगळी फटीत, डोळे मिटलेले. मग बोल्ट सैल करून तिने आपल्या बोटाला सहज फिरता येईल एवढी जागा केली. आईच्या मापापेक्षा थोडी जास्त. त्याने काही बिघडत नाही.

ते लुईस खिंडीतूनच गेले. ब्रॉन्विन चालवत होती. इंजिनावर काही बांधलेले नव्हते. नोएलीनच्या खुर्चीत डेस बसला होता. मैदानात तो बाहेर बघत राहिला. चढ लागला, तिने खालचा गिअर टाकला, माझ्याखाली पाइप तापू लागला, तसे त्याने खाली वाकून बूट काढले. मग मोजे. मग दोन्ही अनवाणी तळवे लाकडावर ठेवले, अगदी त्या डागाच्या वर. मला ते वजन कळले.

बस सावकाश चढत होती. तो पाय हलवत नव्हता.

"कसं आहे, बाबा?"

त्याने तळवे लाकडावर आणखी दाबले.

"बाबा? गार आहे का? की मला बरं वाटावं म्हणून सांगशील?"

"थांब," तो म्हणाला. "चढ संपू दे."

माथा आला, ती मोकळी जागा गेली, उतार सुरू झाला. तेव्हा कुठे त्याने सांगितले.

"गार," तो म्हणाला. "चर्चच्या बाकासारखं."

मग तो खुर्चीत मागे टेकला आणि त्याने मोजे परत घातले नाहीत.

मित्रांनो, मी आता तिथेच आहे. ब्रॉन्विन दर वसंतात खाली येते. तुमच्या घरात माझ्यासारखा पत्रा नसेल. पण ज्याला भाजल्याचे कळत नाही असे एखादे माणूस असेल. आजी असेल, आजारी असेल, किंवा नुसते दुःखाने सुन्न झालेले असेल. त्याला 'बरं वाटतंय का' असे विचारून थांबू नका. ते 'हो' म्हणेल, आणि खरेच सांगेल. त्याचे पाय जिथे आहेत तिथे आधी आपला हात ठेवा, आणि बराच वेळ ठेवा. सपाट रस्त्यावर नव्हे. चढावर.